छोट्या चैनी, रोजच्या सेवा: कशाला पैसे द्यावेत आणि कशाला नाही? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पोळ्यांच्या मावशींपासून एसी लोकलच्या पासापर्यंत, ‘हे घ्यावं का?’ असं विचारणारे प्रश्न आमच्याकडे सतत येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. दर गावागणिक, अगदी पेठेगणिक बदलतात. म्हणून जिथे ‘समजा’ लिहिलंय तिथले आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत. त्या जागी तुमचे आकडे घाला.

१. चैन कोणती आणि गरज कोणती, हे ठरवायचं कसं?

ठरवत बसू नका, त्या वादाला शेवट नाही. तीन गोष्टी कागदावर मांडा: एका वेळचा खर्च, महिन्यातून किती वेळा, आणि सेवा घेतल्यावरही तुमच्याच गळ्यात उरणारं काम. पहिल्या दोन सगळेच मोजतात. फसगत होते ती तिसरीत.

साधं उदाहरण मंडईतलं. सोललेला लसूण महाग पडतो, पण घरी आणून डबीत घातला की फ्रीजमध्ये आठवडाभर काढता येतो आणि मागे काहीच काम उरत नाही. चिरलेली मेथी स्वस्त वाटते, पण ती पुन्हा निवडून बघावी लागते, चिरल्यावर धुतली की पाणी धरते, आणि त्याच संध्याकाळी संपवावी लागते. म्हणजे पैसे देऊन तुम्ही एक घाई विकत घेतलीत. लसूण घ्या, मेथी नको.

२. माझ्या एका तासाची किंमत किती धरू?

हातात येणारा पगार भागिले कामाचे तास. त्यात जाण्यायेण्याचा वेळही धरा. समजा हातात ५०,००० येतात, दिवसाला ८ तास काम, २ तास प्रवास आणि महिन्याला २५ दिवस. एकूण २५० तास झाले, म्हणजे तासाला २०० रुपये. प्रवास न धरता हाच आकडा २५० येतो आणि मग सगळंच ‘परवडतं’ असं वाटू लागतं.

ही वरची मर्यादा समजा. वाचलेला तास फोन चाळण्यात जाणार असेल तर त्याची किंमत तेवढी नाही. आणि जे काम करायला तुम्हाला मुळात आवडतं, त्यावर हा हिशेब लावूच नका.

घरी असणाऱ्यांच्या तासाची किंमत शून्य धरण्याची पद्धत मात्र चुकीची आहे. तेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तर तो जे मागेल, ती त्या तासाची किंमत.

३. पोळ्यांना मावशी लावाव्यात, पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात, की घरीच कराव्यात?

सगळं पोळ्यांच्या संख्येवर आहे. चौघांचं घर, दोन वेळा, माणशी तीन धरल्या तर दिवसाला २४ पोळ्या. मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक धरा, म्हणजे रोजचं ७०० ग्रॅमच्या आसपास पीठ. मळणं, तिंबणं, लाटणं-भाजणं आणि नंतर ओटा पुसणं मिळून सरावाच्या हाताला तासभर लागतो.

समजा मावशी महिन्याचे ३,००० घेतात आणि २६ दिवस येतात. दिवसाला ११५ रुपये झाले. केंद्रात पोळी १० रुपयांना असेल तर २४ पोळ्यांचे २४० होतात. पीठ, तेल, गॅस घरचा धरूनही मावशी स्वस्त पडतात. आता हाच हिशेब दोघांच्या घरासाठी करा. दोन वेळा, माणशी दोनच धरल्या तर दिवसाला ८ पोळ्या, केंद्राचे ८० रुपये. आठ पोळ्यांसाठी मावशी २,००० मागत असतील तर तेही दिवसाला ७७. इथे पैशांत फरक उरत नाही, म्हणून उरलेलं काम बघायचं. मावशींसाठी दार उघडायला ठरल्या वेळी घरी कोणीतरी लागतं, केंद्रात कोणालातरी जावं लागतं. येताना वाटेत केंद्र असेल तर दोघांनी मावशींच्या मागे लागू नये.

बिघडतं कुठे? ‘पोळ्या’ एवढंच ठरवलं जातं. कणीक कोणी मळायची, ओटा आणि तवा कोणी आवरायचा, पाहुणे आले तर जादा पोळ्यांचा दर काय, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. मावशी मळलेल्या कणकेवर येणार असतील तर निम्मी कटकट तुमच्याकडेच राहते. मग पगारही त्या मानानेच ठरायला हवा.

४. मावशींच्या खाड्यांचे पैसे कापावेत का? आम्ही गावाला गेलो तर पगार द्यायचा का?

गावाला तुम्ही गेलात तर पूर्ण पगार द्यायचा. त्यांनी तुमच्यासाठी ती वेळ राखून ठेवली आहे, त्या पंधरा दिवसांत तिथे त्या दुसरं काम धरू शकत नाहीत. त्यांच्या रजांसाठी महिन्याला दोन-चार दिवस भरपगारी ठरवून टाका. त्यापुढचे खाडे कापणार असाल तर तेही आधी सांगा, महिनाअखेरीस नव्हे. दिवाळीला एक पगार बोनस ही बहुतेक घरांतली रीत आहे. ती बारा महिन्यांत वाटून खर्चात धरा, म्हणजे ३,००० च्या मावशी तुम्हाला खरं तर ३,२५० ला पडतात.

उचल दिली तर ती कोणत्या महिन्यात किती वळती करायची हे दोघांच्या समोर वहीत लिहा. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ स्थापन करण्याची तरतूद झाली. मावशींची नोंदणी नसेल तर तिची चौकशी करायला त्यांना मदत करा.

५. इस्त्री बाहेर देणं म्हणजे नुसता आळस आहे का?

घरच्या इस्त्रीवर वीज फारशी जात नाही. १,००० वॉटची इस्त्री सलग तासभर तापत राहिली तर एक युनिट, आणि ती मधेमधे आपोआप बंद होते, त्यामुळे त्याहूनही कमीच. म्हणजे इस्त्रीवाल्याला तुम्ही वेळेचे पैसे देता. तासाभरात घरी १२ ते १५ कपडे होतात. समजा कपड्याला ८ रुपये, तर एका तासाचे १०० ते १२० रुपये. दुसऱ्या प्रश्नातल्या तुमच्या आकड्याशी ताडून पाहा.

पण सगळे कपडे देऊ नका. सुती शर्ट, खळ घातलेले कुर्ते आणि सुती साड्या बाहेर द्या, कारण ती घडी घरी बसत नाही. टी-शर्ट, टेरिकॉटचे गणवेश आणि चादरी देऊ नका. गणवेश मशीनमधून काढल्या काढल्या जोरात झटकून हँगरला वाळवला तर इस्त्रीची गरज क्वचितच पडते. गडद रंगाची पँट उलटी करून द्यायला सांगा, नाहीतर मांडीवर चकाकी येते आणि ती जात नाही. कोळशाच्या इस्त्रीला सिंथेटिक आणि जरीचं काहीही द्यायचं नाही, एक ठिणगी पुरते.

६. पैठणी दरवेळी ड्रायक्लीनला टाकावी का?

नाही. दोन तास लग्नात मिरवलेल्या पैठणीला ड्रायक्लीनिंग नको, वारा हवा. सावलीत दोन-तीन तास मोकळी पसरा, घाम पूर्ण वाळू द्या, मग मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. तीन-चार महिन्यांनी घडी बदला. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी राहिली की रेशीम आणि जर दोन्ही तिथेच तुटतात, आणि मग कितीही भारी लाँड्री असली तरी उपयोग नाही. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका.

पैसे द्यायची वेळ येते ती डाग पडल्यावर. तेव्हा घरी पाणी लावून चोळू नका. डाग कशाचा आहे ते दुकानात सांगा, कारण तेलाचा डाग आणि सरबताचा डाग वेगळ्या पद्धतीने काढतात. पदराचा आणि काठाचा फोटो काढून ठेवा, आधीची विरलेली जागा पावतीवर लिहून घ्या. पावतीच्या मागे नुकसानभरपाईची मर्यादा छापलेली असते, ती साडी देण्यापूर्वी वाचा.

७. ब्लाऊजची शिलाई साडीएवढी झालीय. एवढे पैसे द्यावेत?

चांगल्या बेतणाऱ्याला द्यावेत. रोजच्या दोन ब्लाऊजना कमी शिलाई आणि एका भारी ब्लाऊजला जास्त, असं लोक करतात. उलटा विचार करून पाहा. लग्नाचा ब्लाऊज वर्षातून दोनदा अंगावर येतो, ऑफिसचा आठवड्यातून एकदा. प्रत्येक वापरामागे हिशेब केला तर नीट बसणारा रोजचा ब्लाऊज हीच खरी परवडणारी चैन आहे.

अंगावरून माप देण्यापेक्षा उत्तम बसणारा जुना ब्लाऊज मापाला द्या. दोन्ही बाजूंना आत इंचभर कापड दाबून ठेवायला सांगा, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतो. अस्तर आधी भिजवून घ्या. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड गोळा होतं. फॉल-पिको मात्र डोळे झाकून बाहेर द्या, त्यात घरी करण्यासारखं काही नाही. लग्नसराईत अर्जंटचे जादा पैसे देण्यापेक्षा महिनाभर आधी जा.

८. वॉटर प्युरिफायरचं वार्षिक कंत्राट घ्यावं का?

आधी आरओ लागतो का ते बघा. पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण, म्हणजे टीडीएस, मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं. भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी पिण्याला योग्य मानतात. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसाचं नळाला येणारं पाणी याच्या खूपच खाली असतं. तिथे यूव्ही किंवा साधं गाळणयंत्र पुरतं, आरओ निव्वळ पाणी वाया घालवतो. सोसायटीत बोअरवेल किंवा टँकर असेल तर गोष्ट वेगळी.

कंत्राटात ‘सर्व समाविष्ट’ लिहिलेलं असलं तरी मेम्ब्रेन त्यात आहे का, हे नावानिशी विचारा. सगळ्यात महाग तोच भाग, आणि बऱ्याचदा तोच वगळलेला असतो. गाळाचा फिल्टर, कार्बन फिल्टर आणि मेम्ब्रेन यांची सुटी किंमत काढा, वर्षाला दोन भेटींचं शुल्क मिळवा. ही बेरीज कंत्राटाहून कमी आली तर कंत्राट नको. जास्त आली तरी एक गोष्ट तपासा: दरवेळी फोन तुम्हालाच करावा लागतो का? तसं असेल तर वर्षाचे पैसे आगाऊ देऊन तुमचं काम काहीच कमी झालेलं नाही.

९. मुंबईत एसी लोकलचा पास काढण्यात अर्थ आहे का?

पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला धावली. ५ मे २०२२ पासून सुट्या तिकिटाचे दर निम्म्यावर आले, त्यामुळे आधी आठवडाभर सुटी तिकिटं काढून बघणं सोपं झालंय. ते न करता थेट पास काढू नका.

बघायचं एवढंच: तुमच्या वेळेच्या पंधरा मिनिटं अलीकडे-पलीकडे दोन्ही बाजूंना एसी गाडी आहे का? सकाळी आहे आणि संध्याकाळी नाही, अशी स्थिती फार जणांची असते. एसी पासावर साध्या लोकलच्या फर्स्ट क्लासमधून जाता येतं, म्हणून फर्स्ट क्लासचा पास असलेल्यांनी पूर्ण दराऐवजी दोन पासांतल्या फरकाचा विचार करावा. तो फरक महिन्यात खरोखर मिळणाऱ्या एसी फेऱ्यांनी भागा. उलट मात्र चालत नाही, साध्या फर्स्ट क्लासच्या पासावर एसीत चढलात तर दंड.

१०. रेल्वेच्या काचेच्या छताच्या विस्टाडोम डब्याचे जादा पैसे वसूल होतात का?

उजेड असेल तर होतात. मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन एक्सप्रेस आणि डेक्कन क्वीनला हे डबे २०२१ मध्ये लागले. डेक्कन एक्सप्रेस सकाळी मुंबईहून निघते, बोरघाट उजेडात चढते. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी उतरते तेव्हाही उत्तम. तीच डेक्कन क्वीन संध्याकाळी मुंबईहून पाचनंतर सुटते. हिवाळ्यात ती घाटात पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, मग काचेच्या छतात तुमचाच चेहरा दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये, धबधबे चालू असताना, सकाळच्या गाडीने एकदा जरूर जा. मुंबई-मडगाव जनशताब्दीचंही तेच. जाताना सगळं कोकण दिवसाउजेडी, परतीला शेवटचे काही तास काळोखात. विस्टाडोम जातानाचा काढा, येताना साधी चेअर कार.

११. ओटीटी आणि ॲपची वर्गणी कधी कापली जाते कळतच नाही. काय करू?

कळण्याची सोय आहे, आपण मेसेज वाचत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या वर्गण्या ओटीपी न विचारता कापल्या जाऊ शकतात.

ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. इथेच सगळ्यात जास्त जण अडकतात. तीन ठिकाणी तपासा: तुमच्या यूपीआय ॲपमधला ऑटोपे विभाग, कार्डाच्या बँकेतली स्थायी सूचनांची यादी, आणि फोनच्या ॲप स्टोअरमधलं सबस्क्रिप्शनचं पान. रद्द केल्यावर भरलेला महिना बहुधा पूर्ण मिळतो, म्हणून वर्गणी घेतल्या दिवशीच रद्द करून टाका. चार ओटीटी एकदम ठेवण्यापेक्षा एका महिन्याला एक, आळीपाळीने.

१२. जिमची वर्षाची मेंबरशिप अर्ध्या किमतीत मिळतेय. घेऊ का?

महिन्याची घ्या. त्या महिन्यात १२ वेळा गेलात तर तिमाही, तिमाहीत ३६ वेळा गेलात तर वर्षाची. १२,००० रुपयांचं वर्ष आणि एकूण २० फेऱ्या म्हणजे फेरीला ६०० रुपये पडले. घरापासून चालत दहा मिनिटांपलीकडचं जिम पावसाळ्यात सुटतं, हेही धरा. मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करता येते का आणि मधे थांबवता येते का, हे लेखी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम, सलून आणि योगवर्गांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय. जुन्या दरपत्रकावर १८ टक्के लावून बिल आलं तर विचारा.

१३. पार्लरमध्ये नेमकं कशाला पैसे द्यावेत?

जे स्वतःच्या हाताने होत नाही त्याला: भुवया, केस कापणं, मागच्या बाजूचा रंग. फेशियलची पॅकेजं आगाऊ घेऊ नका, बाराव्या प्रश्नातलाच हिशेब इथेही लागतो.

१४. हापूसची पेटी एवढी महाग. सीझनच्या सुरुवातीलाच घ्यावी का?

फेब्रुवारी-मार्चची पेटी ही मिरवायची चैन, मेची पेटी खायची. आवक वाढते तसा दर उतरतो, आणि पाडव्याला एक डझन चवीपुरता आणून उरलेली हौस मेवर ढकलली तर तेवढ्याच पैशांत घरादाराला पुरतो.

जादा पैसे द्यायचेच तर ते बदलून देणाऱ्या विक्रेत्याला द्या. हापूसमध्ये साका निघतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस होतो. तो बाहेरून कोणालाही दिसत नाही, अगदी बागायतदारालाही. म्हणून ‘साका निघाला तर फळ बदलून मिळेल का?’ हा प्रश्न दरापेक्षा महत्त्वाचा. कच्च्या-पाडाची पेटी घ्या आणि घरी पेंढ्यात पिकवा. बाहेरून एकसारखा पिवळाधमक, देठाशी वास नाही आणि आत आंबट असेल तर तो कार्बाइडवर पिकवला असण्याची शक्यता आहे. कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या फळाला आहे, ‘देवगड’ छापलेल्या कोणत्याही खोक्याला नाही.

१५. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय. द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो परस्पर बिलात लावू नये असं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. शांतपणे काढून टाकायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाचलेल्या पैशांतून वाढणाऱ्याच्या हातात टिप ठेवा, ती त्याच्यापर्यंत नक्की पोहोचते.

१६. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर चांगला मसाज चेअर किंवा कॉफी मशीन घ्यावं का?

व्याजाएवढी सूट दुकान देतं, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते आणि वर प्रोसेसिंग फीही घेते. म्हणजे थोडा का होईना, खर्च आहेच. त्याहून मोठी अडचण अशी की हप्ते संपायच्या आधी वस्तूचं नवेपण संपतं. हप्त्याएवढी रक्कम आधी तीन महिने बाजूला टाकून बघा. तीन महिन्यांनंतरही मशीनच हवं असेल तर घ्या.

१७. घरात सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा कामाला बाई कशाला?’ कसं सांगू?

पैशांचा हिशेब मांडू नका, तो त्यांनी आयुष्यभर केलाय आणि त्यात त्या जिंकतील. बहुतेकदा त्यांची खरी हरकत स्वयंपाकघरात परकं माणूस येण्याला असते. म्हणून सुरुवात धुणीभांड्यांपासून करा, पोळ्यांपासून नको. दोन महिन्यांसाठी ठेवून बघू म्हणा, आणि मावशींची वेळ व पद्धत सासूबाईंनाच ठरवू द्या. पगार लपवून कमी सांगू नका. शेजारच्या काकू खरा आकडा सांगतातच.

१८. आम्ही परदेशात, आईबाबा पुण्यात. त्यांच्यासाठी कोणत्या सेवा घ्याव्यात? ते सगळ्याला ‘नको’च म्हणतात.

ॲपवर दर वेळी वेगळा माणूस येतो आणि त्याला सगळं पुन्हा समजावण्याचं काम बाबांवर पडतं. म्हणून रोज तोच चेहरा येईल अशी सेवा निवडा: डबा, सकाळची वरकामाची बाई, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट. रक्ताचे नमुने घरी येऊन घेणाऱ्या लॅबचे थोडे जादा पैसे बिनधास्त द्या, उपाशीपोटी रिक्षा शोधण्याचा त्रास वाचतो.

पैसे तुम्ही थेट मावशींच्या खात्यात पाठवलेत तर आईला घरात परकं वाटतं, आणि दर महिन्याला रक्कम आईकडे दिलीत तर ती ‘आता आम्हाला नको’ म्हणून बाईला काढून टाकते. मधला मार्ग असा की सहा महिन्यांचा पगार एकदम आईच्या खात्यात भरा आणि मावशींना तिच्या हातूनच द्यायला सांगा. ‘पैसे आलेत, आता वाया कशाला घालवायचे’ म्हणून आई बाईला ठेवते.